पुस्तकात नसलेले झटके

पाणबुड्या पाण्याखाली गेला की त्याचं आणि वरच्या माणसाचं बोलणं दोरीवरून चालतं. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोर ढिला सोडा. तीन म्हणजे वर येतोय. चार म्हणजे सगळं सोडा आणि आधी मला ओढा. खालून आलेला झटका वरच्याने तसाच परत द्यायचा, म्हणजे खालच्याला कळतं की आपलं म्हणणं पोचलं. हे सगळं गोदीच्या एका पातळ पुस्तकात छापलेलं होतं आणि त्या पुस्तकाची पानं दोरीमास्तरच्या खिशात राहून राहून तेलकट झाली होती.

दोरीमास्तरने तीस वर्षं दोर धरला. त्याआधी तो स्वतः पाण्यात उतरायचा. उजवा गुडघा गेला म्हणून वर राहिला. गुडघा कसा गेला असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, "भुकेने." आणि ते खरं होतं. खोल पाण्यातून वर येताना मध्ये मध्ये लटकत थांबावं लागतं. खालच्या दाबाने हवा रक्तात मुरलेली असते, ती हळूहळू निघून जावी लागते. घाई केली तर तिचे अंगातच बुडबुडे होतात आणि ते जिथे अडकतील तिथे अडकतात. मास्तर विशीत होता, सकाळपासून पोटात काही नव्हतं, वर डबा उघडल्याचा वास येतोय असं त्याला पाण्याखालीही वाटलं, म्हणून शेवटचा थांबा अर्धा टाकून तो वर आला. जेवला पोटभर. हात धुवायला उठला तेव्हा गुडघा त्याचा राहिला नव्हता.

"स्वस्तात सुटलो," एवढंच तो म्हणायचा.

त्याच्या हाताखाली त्या वर्षी जो पाणबुड्या होता त्याला सगळी गोदी तुडतुड्या म्हणायची. वय चोवीस. एका जागी दोन मिनिटं उभा राहील तर शपथ. जिना उतरताना शेवटच्या चार पायऱ्या गाळायचा, चहा गरम असतानाच पिऊन जीभ भाजून घ्यायचा, समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडून स्वतःच पुरं करायचा आणि ते हमखास चुकीचं असायचं. पण पाण्याखाली तोच पोरगा वेगळा होता. हात स्थिर, काम चोख. मास्तरने त्याला मनापासून पसंत केलं होतं, मात्र तोंडावर कधी सांगितलं नाही. तोंडावर फक्त शिव्या दिल्या.

मास्तरची धाकटी मुलगी धक्क्याच्या टोकाला असलेल्या शेडमध्ये कामाला होती. पाणबुड्यांचे रबरी पोशाख तिथे दुरुस्तीला यायचे. कुठे फाटलंय ते फुगवून बघायचं, ठिगळ लावायचं, मनगटाच्या पट्ट्या बदलायच्या. आई लहानपणीच गेली, काही वर्षं खाडीपलीकडच्या मावशीकडे वाढली, मग बापाकडे आली. बोलायला गोड, पण राग नाकावर. थोरली बहीण लग्न होऊन लांब गेली होती आणि जाताना बापाला सांगून गेली होती, "हिला समजावत बसू नका. हिला थंड होऊ द्या." मास्तरला ते जमायचं नाही, कारण थंड व्हायला वेळ लागणारी घरात दोन माणसं होती.

तुडतुड्याची आणि तिची ओळख झाली ती कात्रीवरून. शेडच्या खिडकीत बसून पट्टी कापताना तिची मोठी कात्री हातातून निसटली आणि थेट पाण्यात गेली. ती "अगं बाई" म्हणेपर्यंत धक्क्यावरून हा बूट घातलेल्या पायांनीच पाण्यात गेला. बऱ्याच वेळाने वर आला तो कात्री दातांत धरून.

"बूट तरी काढायचे," ती म्हणाली.

"कात्री बुडत होती."

"बुडालेली होती. आणखी काय बुडणार होती?"

मास्तरने हे सगळं कामाच्या तराफ्यावरून बघितलं, हसला, आणि विसरून गेला. तो विसरला नसता तर बरं झालं असतं.

त्या उन्हाळ्यात बंदराच्या तोंडाशी एक मालवाहू पडाव बुडाला आणि मोठ्या बोटींची वाट अडली. तो तुकडे करून काढायचं काम मास्तरच्या जोडीकडे आलं. खोली सतरा पुरुष, म्हणजे शंभरेक फूट. खाली तास-दीड तास काम, मग वर येताना दोन थांबे, पहिला चार पुरुषांवर आणि दुसरा, सगळ्यात लांब, दोन पुरुषांवर. पडाव धक्क्याच्या टोकाजवळच बुडालेला असल्याने तराफा तिथेच बांधलेला असायचा, शेडपासून चाळीस पावलांवर. तराफ्यावर माणसं दोन. दोर धरलेला मास्तर आणि हवेच्या पंपाचं चाक फिरवणारा पंपवाला. पंपवाला जाडजूड, तोंडाळ माणूस, चाक फिरवता फिरवता जगाची टिंगल करायचा.

शेवटच्या थांब्यावर पाणबुड्याला काही काम नसतं. वजन बांधलेल्या दोराला धरून नुसतं लटकायचं. तोवर मास्तरचा गुडघा दगड झालेला असायचा. तेव्हा धाकटी शेडमधून यायची आणि म्हणायची, "बाबा, पाय मोकळा करा. चहा घ्या जाऊन. मी धरते."

नियमाने दोर दुसऱ्याच्या हातात द्यायचा नसतो. पण तिला झटके पाठ होते, लहानपणी ती पुस्तक पाढ्यांसारखं म्हणायची. आणि शेवटच्या थांब्यावर होणार तरी काय? मास्तर जायचा.

"तुमच्या गुडघ्याची पोरीला फार काळजी बुवा," पंपवाला म्हणायचा.

"आईवर गेलीय," मास्तर म्हणायचा आणि लंगडत चहाकडे निघायचा. पंपवाला त्याच्या पाठीकडे बघून मान हलवायचा.

घरी जेवताना ती बोटांनी ताटाच्या कडेवर काहीतरी वाजवायची. एक लांब, दोन आखूड, एक लांब. "काय ते टकटक," मास्तर म्हणायचा. ती बोटं मुठीत घ्यायची, आणि पुन्हा विसरून वाजवायची.

*

त्या दिवशी सकाळी तुडतुड्या आला तेव्हा त्याचे कान लाल होते. पोशाख चढवताना पाय दोनदा चुकीच्या बाजूला घातला.

"रात्री झोपला नाहीस?" मास्तरने विचारलं.

"झोपलो की."

मास्तर त्याच्या छातीवर वजनं बांधत होता. धाकटी शेडच्या दारात उभी होती, हाताची घडी घालून, आणि इकडेच बघत होती. मास्तरने डोक्यावर चढवायचा तांब्याचा टोप उचलला, तेवढ्यात पोरगा म्हणाला, "मास्तर, एक विचारायचं होतं."

"विचार."

पोराने तोंड उघडलं. सतरा पुरुष पाण्यात गंजलेल्या पत्र्यांच्या मध्ये अंगावर काटा न येणारा तो पोरगा मास्तरच्या मिशांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दोर नवा आहे ना?"

"परवाच बदललाय. तूच बदललास."

"हां. मग ठीक आहे."

पंपवाला फिस्सकन हसला. शेडचं दार एवढ्या जोराने लागलं की पत्र्यावरचे पक्षी उडाले. मास्तरला वाटलं, वारा असेल.

त्या दोघांत काय झालं होतं ते मास्तरला नंतर कळलं. चार महिने ती त्याच्या मागे लागली होती, बाबांना विचार म्हणून. तो उद्या म्हणायचा. शेवटी त्या सकाळी तिने सांगितलं, "आज उतरायच्या आधी विचारलं नाहीस तर बाराच्या बोटीने मावशीकडे जाते. मग तिकडेच कोणीतरी बघेल मावशी." आणि तो म्हणाला, "जा की. बोट काय माझी आहे?" दोघांनाही तसं म्हणायचं नव्हतं. पण म्हटलं, आणि म्हटलेलं आधी मागे कोणी घ्यायचं यावर दोघं अडून बसले.

खाली गेल्यावर त्याने सगळा राग पडावावर काढला. हातोड्याचे घाव वरपर्यंत जाणवत होते. वेळ संपली तेव्हा मास्तरने वर येण्याचे झटके दिले. उत्तर आलं एकच झटका, ठीक आहे. पुन्हा दिले. पुन्हा एक. असा तो सव्वीस मिनिटं जास्त राहिला.

"आज काय पडाव एकट्यानेच संपवणार आहे काय?" पंपवाला घाम पुसत म्हणाला.

"वर येऊ दे त्याला. कान धरतो," मास्तर म्हणाला. त्याने खिशातलं पुस्तक काढून तक्ता बघितला. सव्वीस मिनिटं जास्त म्हणजे थांबे वाढणार. शेवटचाच थांबा आता पन्नास मिनिटांचा झाला.

पोरगा पहिल्या थांब्यावर लटकला होता तेव्हा मास्तरला धाकटी दिसली. अंगावर बाहेर जायचे कपडे, हातात प्रवासाची निळी पिशवी. ती धक्क्यावरून सरळ बोटीच्या जेट्टीकडे गेली. मास्तरकडे एकदाही बघितलं नाही.

"पोरगी कुठे निघाली?" पंपवाल्याने विचारलं.

मास्तरला सांगता येईना. हातात दोर होता, जागेवरून हलता येत नव्हतं. मला न सांगता, हे त्याच्या मनात घोळत राहिलं. तीस वर्षं दुसऱ्यांचे जीव धरून उभं राहायचं आणि घरची पोर न सांगता पिशवी घेऊन निघते.

बाराला दहा कमी असताना ती परत आली. पिशवी तशीच हातात. या वेळी मात्र धक्क्याने नाही, मागच्या बाजूने, भिंतीला धरून, आणि गुपचूप शेडमध्ये शिरली. थोड्या वेळाने तिचं डोकं खिडकीत दिसलं. मास्तरने सुस्कारा सोडला. काय चाललंय ते त्याला अजून कळलं नव्हतं, पण पोर गेलेली नाही एवढं कळलं.

पोरगा आता शेवटच्या थांब्यावर आला होता. रोज या वेळी धाकटी यायची. आज आली नाही. मास्तर दोर धरून उभा होता आणि तेवढ्यात दोर त्याच्या हातात हलला.

एक लांब. दोन आखूड. एक लांब.

त्याने सवयीने पुस्तक आठवलं. पुस्तकात असं काही नव्हतं. मग त्याला ताटाची कडा आठवली. चहाचे सगळे कप आठवले, आणि पंपवाल्याची हलणारी मान, आणि आईवर गेलीय असं आपण किती वेळा म्हणालो ते. महिनोन् महिने त्याच्याच दोरावर, त्याच्याच नाकासमोर, हे दोघं बोलत होते, आणि तो तिकडे गुडघा चोळत चहा पीत होता.

आहेस का, असं तो पोरगा विचारत होता. तेवढंच. ते समजायला पुस्तक लागत नव्हतं. आणि उत्तर द्यायला तेच चार झटके परत द्यायचे होते. धाकटी खिडकीत होती. आहे, एवढं सांगायचं होतं.

मास्तरचा हात हलला नाही.

"मास्तर, झटका आला वाटतं," पंपवाला म्हणाला.

"पाण्याची ओढ आहे," मास्तर म्हणाला.

तीस वर्षांत दोराबद्दल तो पहिल्यांदा खोटं बोलला. त्याला पोराचं वाईट करायचं नव्हतं. त्याला फक्त वाटलं, पाच मिनिटं तळमळू दे. मला मूर्ख बनवलं, आता पाच मिनिटं टांगून राहू दे, मग देतो उत्तर. आणि वर आला की आधी शिव्या घालतो आणि मग हो म्हणतो. कारण तो हो म्हणणार होता. हे त्याला तिथेच, दोर हातात असतानाच, माहीत होतं.

तेवढ्यात बाराचा भोंगा झाला. बोट जेट्टीपासून सुटली आणि धक्क्याला वळसा घालून खाडीकडे निघाली. पाण्याखाली बोटीच्या पंख्याचा आवाज हाडांत घुमतो, मास्तरने तो शेकडो वेळा ऐकला होता. आपल्या डोक्यावरूनच बोट चालली आहे असं वाटतं.

दोर पुन्हा हलला. लांब, आखूड, आखूड, लांब. या वेळी घाईने.

मास्तर मनात म्हणाला, आणखी दोन मिनिटं.

दोन मिनिटं झाली नाहीत. तराफ्यापासून दहा हातांवर पाणी फुगलं आणि तुडतुड्या वर आला, पाठीवर, पोशाख हवेने टम्म. त्याने हवा सोडण्याची झडप बंद केली होती. त्यांनी त्याला ओढून तराफ्यावर घेतलं. पंपवाल्याने टोपाची काच उघडली.

"ती गेली का?" पोरगा म्हणाला.

"परत खाली जा," मास्तर म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. अजून वेळ गेलेली नाही. सत्तेचाळीस मिनिटं राहिलीत तुझी."

"ती गेली का ते सांगा."

"आधी खाली जा. मग सांगतो."

मास्तरला वाटलं, उत्तर हातात ठेवलं तर पोरगा ऐकेल. लहान मुलाला औषध पाजताना खाऊ मागे लपवतात तसं त्याने केलं. पण पोराने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला वाटलं, कळलं, ती गेली. तो टोपाचे पेच स्वतःच सोडवायला लागला.

"अरे, ती शेडमध्ये आहे," तेव्हा मास्तर म्हणाला. "बघ तिकडे. खिडकीत बसलीय."

पोराने शेडकडे बघितलं. मास्तरनेही बघितलं. खिडकी रिकामी होती.

"मला खाली पाठवायला आता काहीही सांगाल," पोरगा म्हणाला. "मला माहितेय मास्तर, तुमचं बरोबर आहे. पण मी ठीक आहे. हे बघा, एकदम ठीक." आणि खरोखरच तो ठीक दिसत होता. हसला सुद्धा. मनगटाची पट्टी निघेना म्हणून त्याने ती फाडली, पोशाखातून बाहेर पडला, आणि लोकरीच्या आतल्या कपड्यांतच धक्क्यावर उडी मारून धावत सुटला.

"शेडमध्ये तरी बघून जा," पंपवाला ओरडला.

तो शेडवरून गेला, थांबला नाही. बोट दिसत होती, अजून जवळ होती, आणि गोदीची छोटी लाँच पायऱ्यांशी बांधलेली होती. मास्तर लंगडत त्याच्या मागे गेला. चाळीस पावलं त्याला त्या दिवशी मैलभर झाली. तो शेडपाशी पोचला तेव्हा लाँचचं इंजिन सुरू झालं होतं, आणि शेडचं दार उघडून धाकटी बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, ते बघता बघता गेलं.

"तो कुठे चालला?" तिने विचारलं. "बाबा, तो वर कसा आला?"

मास्तरने लाँचकडे हात केला. दोघांनी हात वर करून हाका मारल्या. लाँचच्या आवाजात त्या कोणाला ऐकू जाणार?

बोटीवरच्या लोकांनी पुढचं सांगितलं. लाँच बाजूला आली, हा शिडीने वर चढला, खालचा मजला पूर्ण शोधला, बायकांच्या चेहऱ्यांत डोकावत गेला, एका म्हातारीने त्याला छत्रीने मारलं, तेव्हा तो माफी मागून हसला. मग वरच्या मजल्याच्या जिन्यावर, चौथ्या पायरीवर, त्याचे पाय गेले. तो बसला. "मुंग्या आल्यात," एवढं म्हणाला. त्यानंतर त्याला बोलता आलं नाही.

बोट माघारी फिरली. पुन्हा पाण्याखाली न्यायच्या स्थितीत तो राहिला नव्हता, आणि माणसाला दाबाखाली ठेवायची बंद खोली जिथे होती ते इस्पितळ एक दिवसाच्या अंतरावर होतं. गोदीच्या दवाखान्यात त्याला ठेवलं. धाकटी त्याच्याजवळ बसली. मास्तर दारात उभा होता. ती त्याचा तळहात हातात घेऊन अंगठ्याने दाबत होती. एक लांब, दोन आखूड, एक लांब. मग थांबायची, वाट बघायची, आणि पुन्हा. पोराचे डोळे उघडे होते, छताकडे. हाताचं एक बोटही हललं नाही.

उन्हं उतरायच्या आत तो गेला.

*

गोदीच्या साहेबांनी चौकशी केली. साहेब भला माणूस होता. त्याने मास्तरला खुर्ची दिली.

"जास्तीचा वेळ खाली राहिला तो?"

"हो. दोनदा बोलावलं."

"आणि थांबा सोडून स्वतःच वर आला?"

"हो."

"त्याच्या सगळ्या झटक्यांना तुम्ही उत्तर दिलंत?"

"पुस्तकातल्या सगळ्या," मास्तर म्हणाला.

साहेबाने ते लिहून घेतलं. मास्तरची काही चूक नाही असा निकाल झाला. पंपवाल्याने बाहेर त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पहिल्यांदाच त्याला कसली टिंगल सुचली नाही.

घरात दोघं होती. ती स्वयंपाक करायची, तो जेवायचा. ताटाची कडा वाजत नव्हती. शेडमध्ये ती जायची, पोशाख फुगवून बघायची, ठिगळं लावायची. पडावाचं काम तसंच अर्धं राहिलं, नवा पाणबुड्या येईपर्यंत.

महिन्याने, एका दुपारी, मास्तर शेडमध्ये दोर तपासत बसला होता. दोर असा हातातून सरकवत तपासायचा, एकेक वीत. धाकटी समोरच्या टेबलावर एका पोशाखाची फाटलेली मनगटपट्टी बदलत होती. ती पट्टी कोणी फाडली हे दोघांना माहीत होतं.

"बाबा," ती मान वर न करता म्हणाली, "पंपवाले काका म्हणाले, त्या दिवशी दोर हलला होता."

मास्तरच्या हातातला दोर थांबला.

"काका म्हणाले, तुम्ही म्हणालात पाण्याची ओढ आहे."

नाही म्हणणं सोपं होतं. ओढच होती, म्हटलं असतं तर तिने ऐकलं असतं. तिला ऐकायचं होतं, हे तिच्या सुईवरून दिसत होतं. सुई तशीच अर्ध्यात अडकून राहिली होती.

"ओढ नव्हती," तो म्हणाला.

"किती वेळा?"

"दोनदा. एक भोंग्याच्या आधी, एक नंतर."

"लांब, दोन आखूड, लांब?"

"हो."

"तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच वेळी."

सुई पुढे गेली. एक टाका, दुसरा टाका. मास्तरला वाटलं, आता ही उठेल, ओरडेल, कात्री फेकेल. तिने यातलं काही केलं नाही.

"मला का सांगितलंत?" ती म्हणाली. "साहेबांना तर नाही सांगितलंत."

"साहेबाने पुस्तकातलं विचारलं. तू हे विचारलंस."



"मी टेबलाखाली होते," ती म्हणाली. "तो वर आलेला मी खिडकीतून बघितला. तांब्याचा टोप चमकला. मला वाटलं, थांबे बाकी नसतील, लवकर संपलं असेल. पाढ्यांसारखे पाठ आहेत मला थांबे, बाबा. तरी मी मोजलं नाही. म्हटलं, इकडे बघेल, मी दिसणार नाही, थोडा घाबरेल, मग दार उघडून आत येईल. या टेबलाखाली पाय पोटाशी घेऊन बसले होते. तोंडावर हात ठेवून. हसू येत होतं मला."

मास्तर उठला. तिच्याजवळ जावं की नाही हे त्याला ठरवता येईना, म्हणून तो दोन पावलं चालून उभा राहिला. गुडघा दुखत होता. पाच मिनिटं तळमळू दे, असं त्याने वर उभं राहून म्हटलं होतं, आणि चाळीस पावलांवर, थोड्याच मिनिटांनी, त्याची मुलगी टेबलाखाली तेच म्हणत होती. एकाच घरातली दोन माणसं. त्याला थोरलीचं बोलणं आठवलं.

"मी हो म्हणणार होतो," तो म्हणाला.

"ते सांगू नका," ती म्हणाली.

तिने शेवटचा टाका घातला, दोरा दातांनी तोडला, पोशाख घडी करून ठेवला. "आता दोर धरू नका तुम्ही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. दारं-खिडक्या लावून घ्या म्हणावं तसं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मास्तरने पुस्तक साहेबाच्या टेबलावर ठेवलं. कारण विचारलं तेव्हा गुडघा म्हणाला. साहेबाने मान हलवली, समजतंय अशा अर्थाने. नव्या पाणबुड्याबरोबर नवा दोरवाला आला आणि मास्तर पंपाच्या दुसऱ्या चाकावर बसला, जुन्या पंपवाल्याच्या शेजारी. चाक फिरवायला गुडघा लागत नाही. समोर दुसऱ्याच्या हातात दोर हलला की त्याची मूठ आपोआप मिटायची, आणि पंपवाला ते बघून तिसरीकडेच बघायचा.

पडाव पूर्ण निघाला तेव्हा हवा बदलली होती. त्याच आठवड्यात धाकटीने सांगितलं, मावशी एकटी असते, तिकडे जाते काही दिवस. या वेळी तिने सांगितलं. किती दिवस ते त्याने विचारलं नाही.

बाराच्या बोटीला तो तिला पोचवायला गेला. निळी पिशवी त्याने उचलली होती. ती फळीवरून बोटीवर गेली, वळली, आणि पिशवीसाठी हात पुढे केला. त्याने पट्ट्याचं एक टोक तिच्या हातात दिलं आणि दुसरं सोडलं नाही. मग, आपण काय करतोय हे कळायच्या आत, त्याने पट्टा एकदा ओढला. पुस्तकातला पहिला झटका.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मागून लोक चढत होते, कोणीतरी म्हणालं, "ताई, पुढे व्हा."

तिने पट्टा एकदा ओढला आणि पिशवी तिच्याकडे गेली. ते उत्तर होतं, की ती नुसती पिशवी घेत होती, हे मास्तरला सांगता आलं नसतं. भोंगा झाला. तो धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेला आणि बोट वळसा घालून दिसेनाशी होईपर्यंत तिथे उभा राहिला. मग पंपावर परत गेला, कारण नवा पोरगा खाली होता आणि त्याला हवा लागणार होती.